पाणमहालाचं भूत मुकं झालं

मंगळवारी सकाळी हौजबागेचं फाटक उघडलं, तेव्हा राखणदार रंगनाथ गर्जेची खुर्ची रिकामी होती आणि त्याची टोपी हौदाच्या हिरव्या पाण्यावर तरंगत होती.

टोपी आधी कल्याण सातपुतेला दिसली. कल्याण बागेतली झुकझुकगाडी चालवायचा. पन्नाशी उलटून गेलेली, पण अंगातली खोड जागच्या जागी. त्याला पहिल्यांदा हसूच आलं. आदल्या दिवशी त्यानं रंगनाथची काठी पळवून इंजिनाच्या सीटखाली दडवली होती. आता रंग्यानं टोपी पाण्यात टाकून उट्टं काढलं, असं त्याला वाटलं.

"रंग्या, निघ बाहेर," तो झाडांकडं बघून म्हणाला. "टोपी बघितली. घाबरलो. झालं पोटभर?"

कुणी निघालं नाही. एरवी फाटक वाजलं की केकाटणारे मोर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले होते.

तेवढ्यात लंकाबाई आत आली. रंगनाथची बायको. हातात न्याहारीचा डबा.

"दादा, हे राती घरी न्हाई आले. हितंच झोपले काय?"

कल्याणचं हसू जागेवर वाळलं.

हौजबाग म्हणजे नगरकरांचं सुट्टीचं हक्काचं ठिकाण. निजामशाहीतल्या कुणा सरदारानं बांधलेला आठकोनी हौद, त्याच्या मधोमध दगडी पाणमहाल, आणि तिथवर जायला एक अरुंद दगडी वाट. डोंगराकडून पाणी आणणारा जुना खापरी नळ बागेच्या पोटातून अजून तसाच गेलाय. नळ कसला, भुयारच. माणूस वाकून जाईल एवढं. पाणी केव्हाच आटलं, पण नळ पाणमहालात जाऊन निघतो तो निघतोच.

आणि त्या नळात कल्याणचं भूत राहायचं.

नळाचं एक तोंड झुकझुकगाडीच्या स्टेशनामागं होतं. लोखंडी जाळी लावलेलं. तिथं तोंड घालून कल्याण घुमला, की आवाज थेट पाणमहालाच्या घुमटात निघायचा. "कोण आलंय रे माझ्या महालात..." आत फोटो काढणारी जोडपी चपला हातात घेऊन पळत सुटायची. भूत ऐकायला लोक राहुरी-पारनेरहून यायचे. ते कुणाचं, हे फक्त बागेतल्या माणसांना माहीत होतं.

त्या सकाळी पाणमहालाच्या वाटेच्या तोंडाशी आणखी एक गोष्ट दिसली. तिथली जुनी चंदनाची झाडं गायब होती. उरले होते बुंधे.

दुपारपर्यंत पोलीस आले. फौजदार ज्योती डमाळे. वय कमी, बोलणं त्याहून कमी. तिनं पाणबुडे हौदात उतरवले आणि स्वतः बुंध्याशी उकिडवी बसली. बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"शेण," ती स्वतःशीच म्हणाली आणि उठली.

मग तिनं कल्याणला स्टेशनाच्या बाकावर बसवलं.

"रंगनाथची काठी तुमच्या इंजिनात सापडली."

"मीच लपवली हुती."

"कधी?"

"काल दुपारी. सोमवारी बाग बंद असती. मी इंजिनाला ग्रीस लावायला आल्तो."

"का लपवली?"

"गंमत, मॅडम."

"राखणदाराची काठी लपवायची गंमत?"

"तो माझ्या डब्यातली भाकरी पळवायचा. मी त्याची काठी. आमचं चालायचंच."

"तुम्ही किती वाजता गेलात?"

"उन्हं कलली तेव्हा. तो हौदावर फेरी मारीत हुता. शिव्या देत हुता मला, काठी दे म्हणून."

"आणि तुम्ही दिली नाहीत."

ज्योतीनं पुढचं विचारलं नाही. पण न विचारलेलं दोघांनाही ऐकू आलं. झाडं तोडणारा समोर आला असेल, तेव्हा रंगनाथचा हात रिकामा होता.

पाणबुड्यांनी हौद पिंजून काढला. गाळ, बाटल्या, एक जुनी सायकल. माणूस नाही.

ज्योतीनं मग सूर्यभानला बोलावलं. सूर्यभान गर्जे हा बागेचा माळी, रंगनाथचा सख्खा चुलतभाऊ. दोघं पाथर्डीकडचे. अंगानं आडवा, बोलायला मऊ, देवाचा मोठा भक्त. हौदाकाठी एक छोटा मारुती आहे. त्याला रोज पाणी घालणं, शेंदूर लावणं, जास्वंद वाहणं हे सूर्यभानचं नेमाचं काम. पाऊस असो, ताप असो, चुकायचं नाही. मोरांच्या पिंजऱ्यापाशी तो खताची ट्रॉली रिकामी करत होता. तिथून फावडं टाकून आला.

"शेवटचं कधी बघितलं भावाला?"

"काल, मॅडम. दिसभर हितंच हुता. सांजच्याला ऊसतोडीचा एक टेम्पो थांबला फाटकावर. आमच्याकडचीच टोळी, श्रीगोंद्याच्या कारखान्याला निघालेली. बोलत बोलत त्यात बसून गेला."

"काही सांगून गेला?"

"वैतागला हुता. म्हणाला, राखन करून काय भेटतंय, दोन महिने कोयता हानतो."

"बायकोला न सांगता?"

"रंगादाचं डोकं तसंच, मॅडम. येईल की. जाऊन जाऊन जातोय कुठं?"

"आणि टोपी पाण्यात?"

"वारं हुतं काल. उडाली आसंल."

"टेम्पोचा नंबर?"

"आता आमी काय नंबर बघून बोलतो व्हय?"

त्याचं कपाळ घामानं चमकत होतं. कोरं, लख्ख कपाळ. कल्याण त्याच्याकडं बघत राहिला. काहीतरी खटकलं, पण नक्की काय ते हाताला लागेना.

बुधवारपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला. रंगनाथनं चंदन तोडलं, टेम्पोत घातलं, पसार. श्रीगोंद्याकडं चौकशी गेली, पण दसरा झालेला, टोळ्यांवर टोळ्या उतरत होत्या. कुणी म्हणे बघितला, कुणी म्हणे नाही. भेळवाला गिऱ्हाईकाला बुंधे दाखवून राखणदारच चोर निघाल्याचं तिखटमीठ लावून सांगू लागला.

लंकाबाई रोज सकाळी येऊन रंगनाथच्या खुर्चीत बसायची. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात हिरवा चुडा, मांडीवर न उघडलेला डबा. आल्यागेल्याकडं बघायची. तिच्या बाजूनं जाताना लोक आवाज खाली करायचे.

कल्याण चहा घेऊन गेला.

"दादा," ती म्हणाली, "ते चोर न्हाईत, ह्ये मला ठावं हाय. मला त्येचं काय न्हाई. जिते हायेत का मेलेत, येवढं कुनीतरी सांगा. मी कुंकू लावू का नको, ह्ये सुदिक मला कळंना झालंय."

कल्याणनं चहा खाली ठेवला. आयुष्यभर त्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी आचरट सुचायचं. त्या वेळी नाही सुचलं.

"हुडकतो," तो म्हणाला. "शब्द देतो, वैनी."

मारुतीपाशी बनुबाई देवाला पाणी घालत होती. बनुबाई बाग झाडायची. देव उंचावर, ती बुटकी, तांब्या अर्धा स्वतःच्या अंगावर.

"तू कधीपासून पुजारीन झालीस?" कल्याणनं विचारलं.

"सूर्यभान म्हनला, तू घाल. त्याची कंबर धरलीया. लवता येत न्हाई म्हनं."

"कालपासून?"

"व्हय. शेंदूर बी मीच लावते. निम्मा माझ्याच पदराला लागतोय."

कल्याणनं मान वळवली. मोरांच्या पिंजऱ्यापाशी सूर्यभान कमरेत वाकून लेंडीखताचा ढीग फावड्यानं थापत होता.

"गुलाबाला खत घालून झालं ना रे दसऱ्याआधी?" कल्याणनं जाता जाता विचारलं.

"जादा आनलंय. लागंल तसं वापरू."

"गुलाब फाटकाशी, खत मोरापाशी?"

"जागा हुती तिथं टाकलं. तू तुझी गाडी चालीव की."

वास नाकात जात होता. मोर पिंजऱ्याच्या पार पलीकडच्या टोकाला सरकून बसले होते. त्यांना खताचा वास काही नवा नव्हता.

गुरुवारी मिरजगावच्या एका शाळेची सहल आली. मुलींचा घोळका किंकाळ्या मारत पाणमहालात शिरला. कल्याणचं मन कशात नव्हतं, पण बाई येऊन म्हणाल्या, "भुताचं ऐकून आलोत आम्ही. पोरी हिरमुसतील." तो स्टेशनामागं गेला, जाळीला तोंड लावलं आणि घशाच्या तळातून घुमला.

पलीकडून काही नाही. किंकाळी नाही, पळापळ नाही. तो पुन्हा घुमला, जोरात. मुली आपल्या निवांत फोटो काढत होत्या.

"आज भूत सुट्टीवर दिसतंय," बाई नाराज होऊन म्हणाल्या.

कल्याण जाळीपाशीच उभा राहिला. आपला आवाज आज परत त्याच्याकडंच आला होता. जवळूनच कशाला तरी आपटून. ओला, बसका.

संध्याकाळी बनुबाईनं प्रसाद वाटला. नातवाला शाळेत बक्षीस मिळालं म्हणून मारुतीला पेढे. सूर्यभाननं पेढा घेतला नाही असं नाही. घेतला, पाठ वळवली आणि बनुबाईची नजर चुकवून मोरांपुढं टाकला.

कल्याणनं बघितलं. मंगळवारपासून काय खटकत होतं, ते त्याला त्या क्षणी दिसलं. सूर्यभानचं कपाळ. एरवी त्यावर देवाच्या शेंदराचा टिळा असायचा.

तो तसाच लंकाबाईकडं गेला.

"वैनी, तुमच्या भावकीत कुनी गेलं का एवढ्यात? म्हातारंकोतारं?"

"न्हाई वो."

"कुनाला ल्योक-लेक झाली?"

"न्हाई. उलट पुतनीचा साखरपुडा हाय रविवारी. सूर्यभान भाऊजी म्हनले, मी येत न्हाई, बागेत काम हाय. ल्हान भावाच्या पोरीचा साखरपुडा, आन येत न्हाई म्हंजे..."

कल्याणच्या हातातला पेढा चुरगळला.

तो ज्योतीकडं गेला तेव्हा ती फायलीतून मान वर न करता म्हणाली, "भुताची तक्रार असेल तर बाहेर हवालदार आहेत."

"भूत मुकं झालंय मॅडम. त्याचीच तक्रार हाय."

त्यानं सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "नळ तर मी आत्ता उघडू शकते. पण माणूस सापडला म्हणजे मारणारा सापडला असं होत नाही. तो म्हणेल, मला काय माहीत. मला ते त्याच्या तोंडून पाहिजे."

"मग शनिवारी या. साध्या कपड्यात. पूजा घालू."

शनिवारी मारुतीपुढं सतरंजी अंथरली. रंगनाथ सुखरूप परत यावा म्हणून सत्यनारायण. बागेतली सगळी माणसं जमली. मागं ज्योती, साडी नेसून, कुणाच्या लेकीसुनेसारखी. लंकाबाई पुढं बसली होती. ऊन होतं, पण हौदावरून येणारं वारं गार आणि कुबट.

"पूजेला भावकीतलं माणूस पाहिजे," कल्याण मोठ्यानं म्हणाला. "सूर्यभान, बस पाटावर."

"माझी कंबर..."

"मग उभ्यानं कर. मारुतीला शेंदूर लाव, आन म्हन, माझा भाऊ सुखरूप येऊ दे. येवढंच."

"बनुबाईला सांग की."

"बनुबाई काय गर्जे हाय?"

लोक हसले. सूर्यभान हसला नाही. बनुबाईनं शेंदराची वाटी त्याच्या हातात दिली. तो पुढं झाला. बोट शेंदरात बुडलं. हात मारुतीच्या दिशेनं उचलला गेला आणि वीतभर अलीकडं थांबला.

तिथंच राहिला. बोटावरून तेल ओघळून मनगटावर आलं.

"लाव ना भाऊजी," लंकाबाई म्हणाली.

त्यानं वाटी खाली ठेवली.

"कुनाचं सुतक पाळतोयस, सूर्यभान?" कल्याणनं विचारलं.

हौदाचं पाणी काठाला लागत होतं तेवढं ऐकू येत होतं.

"काय बी काय बोलतोस?"

"मंगळवारपासनं देवाला शिवला न्हाईस. कपाळाला टिळा न्हाई. पेढा मोराला टाकलास. पुतनीच्या साखरपुड्याला जायचं टाळलंस. वैनी म्हनत्यात, भावकीत कुनी गेलं न्हाई. तू म्हनतोस, रंगादा कोयता हानायला गेलाय. मग मेलंय कोन?"

"माझी कंबर धरलीया, म्हनून..."

"ती कंबर धरून तू ट्रॉलीभर खत उपसलंस," मागून ज्योती म्हणाली आणि पुढं आली. तेव्हा कुठं सूर्यभाननं तिला ओळखलं. "चंदनचोर झाड पाडतो आणि पळतो. हा चोर थांबला. कापलेल्या बुंध्याला त्यानं शेणकाला लावला. का, सूर्यभान?"

तो बोटावरचा शेंदूर दुसऱ्या हातानं पुसू लागला.

"छाटलेलं खोड उघडं ठेवलं तर वाळतं. लेप लावला तर पुन्हा फुटतं. माळ्याचा हात तो. चोरी करतानासुद्धा राहिला नाही."

"सोमवारी बाग बंद," कल्याण म्हणाला. "मी गेलो, तुला वाटलं मोकळं झालं. रंग्या फेरी मारत आला आन तुला करवतीसकट बघितलं. त्याच्या हातात काठी न्हवती." त्यानं लंकाबाईकडं बघायचं टाळलं. "ती माझ्याकडं हुती. तुझ्या हातात मात्र कायतरी हुतं. टोपी उडून पान्यात पडली, ती तुला काढता आली न्हाई. माणूस तू पान्यात टाकला न्हाईस. तो वर येतो, ह्ये तुला ठावं. नळावरची एक शिळा मोरांच्या पिंजऱ्यापाशी हाय. ती उचलून त्याला आत सोडलास. वर लेंडीखत ओतलंस, वास लपावा म्हनून. येक तुला कळलं न्हाई. त्या नळात माझं भूत राहतं. त्याचा गळा तू बंद केलास."

ज्योतीनं हात केला. फाटकाबाहेर थांबलेले शिपाई आत आले. त्यांनी खत बाजूला ओढलं. शिळेच्या कडेला ताजी माती लिंपलेली होती. पहार घातली. शिळा हलली, आणि पिंजऱ्यातले मोर एकदम ओरडू लागले. माणसांनी नाकाला पदर, रुमाल लावले. एक शिपाई कंदिलासारखी मोठी बॅटरी धरून वाकला, आत बघितलं, आणि मान वर करून ज्योतीकडं बघत नुसतीच डोलावली.

लंकाबाई उठली नाही.

सूर्यभान सतरंजीवर बसला होता. "मी काय न्हाई केलं," तो म्हणाला. "माळी मी एकटाच हाय का नगरात? सुतक-बितक काय पुरावा हाय? कोर्टात सुतक चालतंय व्हय?"

"नाही चालत," ज्योती म्हणाली. "चंदन कुठं विकलंस ते सांग. ते चालतं."

"मला न्हाई माहीत."

दोघा शिपायांनी त्याला उभं केलं. दुपार झाली, पंचनामा झाला, तो एकाच वाक्याला धरून राहिला. मी काय न्हाई केलं. ज्योतीनं चार वेळा, चार बाजूंनी विचारलं. चारही वेळा तेच. कल्याण जाळीपाशी भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याला कुणाकडं बघवत नव्हतं.

शेवटी सूर्यभानला जीपकडं नेऊ लागले, तेव्हा लंकाबाई उठली. तिनं पदराच्या टोकानं कुंकू पुसलं. सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून, जेवणाचं ताट पुसावं तसं. मग ती चालत जीपपाशी आली.

"भाऊजी."

त्यानं मान वर केली नाही.

"शिव्या द्यायला आले न्हाई मी. येक इचारते. मला त्येंचा दहावा घालायचाय. दिवस कुठनं मोजू? सोमवारपासनं का मंगळवारपासनं? त्ये येकट्या तुलाच ठावं हाय."

जीपचं इंजिन सुरू होतं. ज्योतीनं ड्रायव्हरला हातानंच थांबवलं.

"चुकीच्या दिवशी पिंड ठिवला तर त्येंच्यापातूर पोचायचा न्हाई," लंकाबाई म्हणाली. "तुझा बी भाऊच हुता. तू तर मोजतोयसच. मला सांग."

सूर्यभानचे ओठ हलले. एकदा, दोनदा. मग तो खालीच बघत, आपल्या वहिनीला घरातली गोष्ट सांगावी तसा म्हणाला:

"सोमवार धर, वैनी. दिवे लागायच्या वेळेला गेला. घाव घातल्यावर मी पानी पाजलं हुतं. त्यानं घेतलं."

लंकाबाईनं बोटाच्या पेरांवर दिवस मोजले. "बुधवारी येतो मग दहावा," ती म्हणाली आणि मागं वळली.

ज्योतीनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या शिपायानं टोपी काढली होती, ती पुन्हा घालायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.